लंकेच्या सहलीत जाफना घ्यावे की नाही? युद्धाच्या ताज्या खुणा आणि आपण प्रवासी

गोदाकाठ (नाशिक)

नमस्कार. आमच्या इंदिरानगरमधील ज्येष्ठ नागरिक संघाची काही मंडळी येत्या फेब्रुवारीत श्रीलंकेला जाण्याच्या विचारात आहेत. नाशिककरांना लंकेची ओढ का वाटते, हे वेगळे सांगायला नको. सीताहरणाची जी कथा आपण पंचवटीत लहानपणापासून ऐकली, तिचे दुसरे टोक एकदा डोळ्यांनी पाहावे, असे आमच्या पिढीतील अनेकांना वाटते. सहल कंपन्यांनीही ते ओळखले आहे. कोलंबो, कँडी, नुवारा एलिया, तिथले सीता एलियाचे मंदिर आणि पुन्हा कोलंबो, असा आखीव कार्यक्रम सगळीकडे मिळतो. ज्या कंपनीकडे आम्ही चौकशी केली, तिच्या प्रतिनिधीला मी श्रीलंकेच्या उत्तरेकडील जाफना शहराबद्दल विचारले. तेव्हा त्याने अगदी नम्रपणे सांगितले की, उत्तरेत पाहण्यासारखे काही नाही.

काही वर्षांपूर्वी मी मुलीबरोबर जाफन्याला जाऊन आले आहे, त्यामुळे हे उत्तर मला पटले नाही. तिथले सार्वजनिक वाचनालय एवढे एकच कारण जाफन्याला जाण्यास पुरेसे आहे. घुमटांची पांढरीशुभ्र इमारत, पुढे सरस्वतीची मूर्ती, आत वर्तमानपत्रे चाळणारी वृद्ध मंडळी आणि परीक्षेची पुस्तके उघडून बसलेली मुले. दुपारच्या वेळी आपल्या सावानात, म्हणजे नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयात, गेलात तर साधारण हेच दिसते. ३१ मे १९८१ च्या रात्री पोलीस आणि त्यांच्याबरोबरच्या जमावाने हे वाचनालय जाळले. सुमारे ९७ हजार पुस्तके आणि ताडपत्रावरची जुनी हस्तलिखिते त्यात गेली. श्रीलंकेचे सैन्य आणि वेगळ्या तमिळ राष्ट्रासाठी लढणारे 'वाघ' (एलटीटीई) यांच्यातील युद्ध १९८३ मध्ये सुरू झाले असे आपण म्हणतो, पण जाफन्यातील माणसे त्याची सुरुवात या रात्रीपासून मोजतात. १८४० साली स्थापन झालेल्या वाचनालयाचा अभिमान बाळगणाऱ्या गावातील माणसाला हे कळायला फार स्पष्टीकरण लागू नये.

आम्ही ज्यांच्या घरी उतरलो होतो, त्या बाई निवृत्त शिक्षिका होत्या. एका संध्याकाळी दाराजवळच्या कपाटातून जाड प्लॅस्टिकची पिशवी काढून त्या विजेचे बिल शोधत होत्या. पिशवीत जमिनीची कागदपत्रे, मुलांचे शाळेचे दाखले आणि लग्नातले दोन फोटो असे सगळे एकत्रच होते. मी काहीही विचारले नव्हते. त्यांनी आपणहून सांगितले की, १९९५ च्या ऑक्टोबरअखेरीस लष्कर शहराच्या जवळ आले आणि वाघांनी सगळ्यांना शहर सोडायला लावले, तेव्हा भर पावसात लाखो माणसे एकाच रस्त्याने बाहेर पडली. त्या रात्रीपासून ही कागदे पिशवीतच असतात. एवढे बोलून त्यांनी बिल बाजूला काढले आणि सकाळी न्याहारीला इडिअप्पम चालेल का, असे विचारले.

आता आमच्या मंडळींत मतभेद आहेत. काहींना जाफना पाहायचे आहे, काहींना सहलीत दुःख नको आहे, आणि दोघांचे म्हणणे असे की तिथे जायचेच असेल तर सगळे विचारून, समजून घेऊन यावे. मला या तिसऱ्या मताची सर्वांत जास्त भीती वाटते. ज्या युद्धात वाचलेली माणसे आज चाळिशी-पन्नाशीत आहेत, त्या प्रदेशात सहलीला गेलेल्या माणसाने काय पाहावे, काय विचारावे आणि काय विचारू नये, याबद्दल अनुभवी मंडळींनी लिहावे, ही विनंती.

निवांत

ताई, राग मानू नका, पण आयुष्यभर नोकरी करून साठीनंतर माणूस सहलीला निघतो, तो चहाचे मळे आणि समुद्र पाहायला. युद्धाची माहिती हवी असेल तर घरी बसून वाचता येते. परक्या देशातील लोकांच्या दुःखात आपण डोकावल्याने त्यांचेही भले होत नाही आणि आपलेही नाही.

गोदाकाठ

राग नाही. मात्र चहाच्या मळ्यांकडे जातानाही ते चुकत नाही, एवढेच सांगते. कँडीच्या दंतमंदिरात, म्हणजे बुद्धाचा दात जपलेल्या मंदिरात, शिरताना आपली जी कसून तपासणी होते, तिला कारण आहे. २५ जानेवारी १९९८ रोजी वाघांनी स्फोटकांनी भरलेला ट्रक त्या मंदिराच्या दारावर आदळला होता. कोलंबोतील मध्यवर्ती बँकेवर १९९६ मध्ये असाच हल्ला होऊन ९० हून अधिक माणसे मारली गेली. तुमच्या आखीव सहलीतसुद्धा युद्ध आहेच, फक्त मार्गदर्शक ते सांगत नाही. आणि 'परक्या देशातील लोकांच्या' या शब्दांपाशी थोडे थांबावे, कारण त्या युद्धात आपले सैन्य जवळपास पावणेतीन वर्षे तिथे होते.

देवळालीचा तोफची

गोदाकाठ ताईंनी शेवटच्या वाक्यात जे लिहिले, त्यामुळे लिहावेसे वाटले. मी तोफखान्यातून निवृत्त झालो. नाशिक रोडच्या केंद्रात घडलो, पुढे देवळालीत शिकलो आणि १९९९ साली द्रासमध्ये होतो. श्रीलंकेत मी नव्हतो, पण माझे दोन जवळचे वरिष्ठ होते.

२९ जुलै १९८७ रोजी राजीव गांधी आणि श्रीलंकेचे अध्यक्ष जयवर्धने यांच्यात करार झाला, आणि शांतिसेना म्हणून गेलेले आपले सैन्य ऑक्टोबरात वाघांशीच लढू लागले. मार्च १९९० मध्ये शेवटची तुकडी परतली, तोवर अकराशेपेक्षा जास्त जवान गेले होते. ते जहाज मद्रासला लागले, तेव्हा राज्याचे मुख्यमंत्री स्वागताला गेले नाहीत. कारणे राजकीय होती, त्यात मी पडत नाही. पण परत आलेल्या माणसाला ते लागते. शांतिसेनेतील एकमेव परमवीरचक्र मेजर रामस्वामी परमेश्वरन यांना मरणोत्तर मिळाले. ते ८ महार पलटणीचे अधिकारी होते आणि २५ नोव्हेंबर १९८७ रोजी जाफना भागात कामी आले. महार रेजिमेंटमध्ये आपल्या महाराष्ट्रातील किती घरांतली मुले असतात, हे इथे सांगण्याची गरज नाही. कोलंबोजवळ बट्टारमुल्ला येथे, संसदेच्या परिसरात, आपल्या शहीद जवानांचे स्मारक आहे. महाराष्ट्रातून जाणाऱ्या सहलींपैकी किती बसगाड्या तिथे थांबतात? रावणाची गुहा दाखवायला वेळ असतो, पण यासाठी नसतो. तुम्ही तिथे अवश्य जा.

कसे वागावे, याबद्दल मला द्रासपुरते सांगता येईल. तोलोलिंगच्या पायथ्याशी असलेल्या स्मारकावर मी निवृत्तीनंतर कुटुंबासह गेलो होतो. नावांची भिंत आहे. मागे डोंगर इतका जवळ आहे की, तिथून शत्रूला खालचा श्रीनगर-लेह रस्ता तळहातासारखा दिसत होता, हे वेगळे समजावून द्यावे लागत नाही. त्या भिंतीपुढे आपल्याच राज्यातील एका गटाने घोषणा दिल्या आणि मग एकमेकांना उचलून फोटो काढले. मला घोषणांचे वावडे नाही, आयुष्यभर त्या दिल्या आहेत. पण तीन पावलांवर एक म्हातारे गृहस्थ भिंतीवरच्या एका नावावर बोट ठेवून उभे होते, ते कुणाला दिसले नाहीत. भोवती कोण उभे आहे, हे आधी पाहावे आणि मग तोंड उघडावे. याहून मोठा नियम मला माहीत नाही.

आणखी एक. द्रास-कारगिलला जाणारे लोक स्मारक पाहतात आणि लेहकडे निघतात. तिथल्या गावांवरही तोफगोळे पडले होते, लोक घरे सोडून आत खोऱ्यांत गेले होते, आणि गावातीलच माणसे पाठीवर रसद बांधून आमच्यासाठी वर चढत होती. कारगिलजवळ हुंदरमान नावाचे गाव आहे. ते १९७१ पर्यंत पाकिस्तानच्या ताब्यात होते, त्या युद्धात आपल्याकडे आले, आणि एकाच घरातील माणसे ताबारेषेच्या दोन बाजूंना राहिली. ओस पडलेल्या जुन्या वस्तीतील एका घरात गावकऱ्यांनी मागे राहिलेल्या वस्तू आणि पत्रे मांडून ठेवली आहेत. विजयाचे स्मारक पाहिल्यावर हेही पाहावे. एकावाचून दुसरे अर्धे राहते.

अक्षरवेल

तोफचीकाका, आपल्याविषयी पूर्ण आदर ठेवून लिहितो. बट्टारमुल्लाला जावे, हे मान्य. पण जाफन्याला जाणाऱ्या भारतीयाने आणखी एक तारीख माहीत करून घेतली पाहिजे, ती २१ ऑक्टोबर १९८७. त्या दिवशी दिवाळी होती. भारतीय सैनिक जाफन्याच्या मुख्य रुग्णालयात शिरले आणि त्यांच्या गोळीबारात डॉक्टर, परिचारिका, कर्मचारी आणि रुग्ण मिळून साठांहून अधिक माणसे मारली गेली. आतून गोळीबार झाला म्हणून चकमक उडाली, अशी आपल्या बाजूची भूमिका होती. वाचलेल्या कर्मचाऱ्यांनी आणि मानवी हक्कांसाठी काम करणाऱ्या संघटनांनी ती मान्य केली नाही. रुग्णालयातील लोक आजही दरवर्षी त्या दिवशी मृत सहकाऱ्यांच्या तसबिरींपुढे दिवे लावतात.

आपल्या शाळांत शांतिसेनेचे नाव आलेच तर एका ओळीत येते, आणि त्या ओळीत हे नसते. त्यामुळे होते असे की, जाफन्यातला पन्नाशीचा रिक्षावाला 'इंडिया' ऐकून क्षणभर गप्प होतो आणि आपल्याला वाटते, त्याला इंग्रजी येत नसेल. आपण तिथे तटस्थ पाहुणे नसतो. बोस्नियातील सारायेव्होला किंवा व्हिएतनाममधील सायगावला गेलेला मराठी माणूस त्या युद्धाकडे बाहेरून पाहू शकतो. जाफन्यात ती सोय आपल्याला नाही, आणि म्हणूनच मला वाटते की, आपण इतर कुठे जाण्याआधी तिथे जावे.

देवळालीचा तोफची

अक्षरवेल, तुम्ही लिहिलेले दोनदा वाचले. वरिष्ठांपैकी एकाने रुग्णालयाचा उल्लेख एकदा केला होता, पण त्यापुढे ते बोलले नाहीत. दाट वस्तीत, कोणत्या खिडकीतून गोळी येईल हे ठाऊक नसताना सैनिकाची काय अवस्था होते, हे मी सांगू शकतो. पण रुग्णालय ते रुग्णालय. तिथे मेलेल्यांना माझे हे सांगणे उपयोगाचे नाही. ताईंच्या गटात कुणी फौजी असेल तर त्याला हे निघण्यापूर्वी सांगावे, तिथे गेल्यावर कळू देऊ नये. आणि त्यावर बसमध्ये वाद घालू नये.

रानवाटा

मी मूळचा सिडकोतला, कामानिमित्त काही काळ युरोपात होतो, तेव्हा सारायेव्होला गेलो होतो. अक्षरवेल म्हणतात तसा मी बाहेरचा खरा, तरी एक धागा निघालाच. तिथल्या संग्रहालयात संयुक्त राष्ट्रांच्या संरक्षक दलाचा भाग पाहताना कळले की, त्या दलाचे पहिले प्रमुख लेफ्टनंट जनरल सतीश नंबियार होते, म्हणजे आपल्या मराठा लाइट इन्फंट्रीचे अधिकारी आणि १९७१ च्या युद्धातील वीरचक्राचे मानकरी. मार्च १९९२ पासून वर्षभर त्यांनी ती जबाबदारी सांभाळली. सारायेव्होचा वेढा त्याच सुमारास सुरू झाला आणि १,४२५ दिवस चालला. त्या शहरात रस्त्यावर तोफगोळा फुटून पडलेले खड्डे काही ठिकाणी लाल राळेने भरून ठेवले आहेत. त्यांना तिथे गुलाब म्हणतात. लोक रोज त्यांच्यावरून ऑफिसला जातात.

ताईंच्या मूळ प्रश्नाबद्दल मला तिथे एक गोष्ट स्पष्ट झाली. विमानतळाखालून खणलेल्या भुयाराकडे मला घेऊन गेलेला मार्गदर्शक वेढ्याच्या काळात शाळकरी मुलगा होता. तो पाण्याच्या रांगेबद्दल, जाळलेल्या फर्निचरबद्दल, मदतीत आलेल्या डबाबंद मांसाबद्दल मोकळेपणाने आणि चक्क विनोद करत सांगत होता, कारण ते त्याने स्वतः निवडलेले काम होते. कोणते प्रश्न घ्यायचे आणि कोणते टाळायचे, हे त्याला ठाऊक होते. त्याच संध्याकाळी मी ज्या घरी राहत होतो तिथल्या काकूंना तेच विचारण्याचा माझ्या सोबत्याला मोह झाला आणि मी त्याला थांबवले. त्या आम्हाला जेवू घालत होत्या, साक्ष द्यायला बसल्या नव्हत्या. सांगण्याचे काम ज्यांनी पत्करले आहे त्यांना पैसे देऊन हवे तेवढे विचारावे. इतरांनी आपणहून सांगितले तर ऐकावे. गोदाकाठ ताईंच्या त्या शिक्षिकाबाई आणि त्यांची पिशवी हे याचेच उदाहरण आहे.

तिथे लहान मुलांच्या युद्धकाळातील वस्तूंचे एक संग्रहालय २०१७ पासून आहे. एक वस्तू आणि तिच्या मालकाने लिहिलेल्या काही ओळी, एवढीच मांडणी. स्रेब्रेनित्साजवळच्या दफनभूमीपेक्षा मला ते सोसायला जड गेले. १९९५ च्या जुलैमध्ये तिथे आठ हजारांहून अधिक पुरुष आणि मुलगे मारले गेले, तो आकडा डोक्यात मावत नाही. छोटी सायकल मावते.

सहलसखी

व्हिएतनामबद्दल थोडक्यात. हल्ली महाराष्ट्रातून तिथे खूप लोक जातात. हो ची मिन्ह शहराजवळच्या कु ची भुयारांत शिरून पाहणे ठीक आहे, पण तिथेच पैसे भरून खऱ्या बंदुकीने गोळ्या झाडण्याची सोय आहे, आणि आमच्या गटातील पुरुषमंडळींनी तिकडे धाव घेतली. ज्या जमिनीखाली माणसे बॉम्बहल्ल्यांत वर्षानुवर्षे लपून राहिली, तिथे गोळ्यांचा तो सततचा आवाज मला ऐकवेना. गंमत म्हणजे ही सोय व्हिएतनामींनीच केली आहे, त्यामुळे नावे तरी कुणाला ठेवणार! शहरातील युद्ध संग्रहालयात विषारी रसायनांच्या परिणामांची छायाचित्रे आहेत. लहान मुले बरोबर असतील तर तो मजला आधी आपण पाहून यावा, मग ठरवावे.

निवांत

चर्चा वाचतो आहे. मुद्दे पटतात, पण मनातली शंका जात नाही. उद्या कुणी आपल्या गावातील दंगलीची किंवा बॉम्बस्फोटाची जागा पाहायला बस भरून आले, तर आपल्याला आवडेल का? शिवाय सुरुंगांचे काय? उत्तरेत अजून सुरुंग आहेत, असे ऐकतो.

गोदाकाठ

बस भरून येणाऱ्यांबद्दल तुमची शंका रास्त आहे. आवडेल की नाही हे कोण येते आणि काय पाहते यावर ठरेल, असे मला वाटते. उत्तरेत २००९ नंतर अशा बसगाड्या आल्याच होत्या. युद्ध संपल्यावर दक्षिणेतील हजारो लोक पराभूत वाघांचा मुलूख पाहायला जाऊ लागले. वाघांचा प्रमुख प्रभाकरन याचे जमिनीखालचे बहुमजली घरही ते पाहत असत, इतके की शेवटी २०१३ मध्ये लष्कराने ते स्फोट करून पाडले. किलिनोच्चीला महामार्गावर लष्कराचे स्मारक आहे, काँक्रीटचा प्रचंड ठोकळा, त्यात घुसलेला तोफगोळा आणि वर उमललेले कमळ. मी तिथे उतरले होते. हिरवळ कापलेली, कठडे रंगवलेले, पहाऱ्यावरचा तरुण सैनिक सौजन्याने बोलणारा. आणि रस्त्यापलीकडे ज्यांच्या घरातली माणसे गेली ते लोक भाजी विकत बसलेले. त्यांच्यापैकी कुणी रस्ता ओलांडून त्या कमळाकडे गेलेले मला दिसले नाही.

म्हणून माझे म्हणणे असे की, उत्तरेत काय उभे आहे याच्याइतकेच काय पाडले गेले हेही पाहावे. वाघांच्या मृत लढवय्यांच्या दफनभूमी युद्धानंतर बुलडोझरने सपाट केल्या गेल्या. कोप्पाय येथे तर त्या जागेवर लष्कराचे मुख्यालय उभे राहिले. वाघांबद्दल कणभरही सहानुभूती नसलेल्या आईलासुद्धा मुलाची कबर हवी असते. जाफना विद्यापीठातील मुळ्ळिवाय्क्कालचे स्मारक जानेवारी २०२१ मध्ये रातोरात पाडले गेले. विद्यार्थी उपोषणाला बसले आणि काही महिन्यांत ते पुन्हा उभारले गेले. मुळ्ळिवाय्क्काल म्हणजे ईशान्येची ती किनारपट्टी, जिथे मे २००९ मध्ये युद्ध संपले. शेवटच्या काही महिन्यांत ४० हजारांपर्यंत नागरिक मारले गेले असावेत, असे संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ समितीने २०११ मध्ये म्हटले. श्रीलंका सरकारने ते नाकारले. तिथे दरवर्षी १८ मेच्या सुमारास लोक एकमेकांना तांदळाची पेज वाटतात, कारण अखेरच्या दिवसांत बहुतेकांना तेवढेच मिळत होते. दुसऱ्या दिवशी दक्षिणेत विजयाचा कार्यक्रम असतो. आपला 'रामायण दर्शन'वाला या दोन्हींमधून बस वळवून नेतो.

सुरुंगांबद्दल: रस्ते, शहरे, मंदिरे यांना काही धोका नाही. महामार्गावरील मुहमालै भागात सुरुंग काढण्याचे काम वर्षानुवर्षे चालले आहे, आणि ते काम करणाऱ्यांत स्थानिक स्त्रिया मोठ्या संख्येने आहेत. लाल फलक दिसला की रस्ता सोडून आत पाऊल टाकायचे नाही, एवढे पाळले म्हणजे झाले.

मोहोर

चर्चा चांगली चालली आहे, पण ती सरकार, वाघ आणि भारतीय सैन्य यांच्यातच फिरते आहे. ऑक्टोबर १९९० मध्ये वाघांनी उत्तरेतील सगळ्या मुस्लिमांना घरे सोडून जायला लावले. जाफना शहरात तर त्यांना जेमतेम दोन तास दिले होते. सत्तर हजारांच्या आसपास माणसे अशी निघाली, आणि त्यांतील कित्येक कुटुंबे पुत्तळम भागात दोन पिढ्या राहिली. जाफन्यातील मुस्लिम वस्तीत गेलात तर पडकी घरे आणि नव्याने बांधलेली घरे शेजारी-शेजारी दिसतात.

रजनी तिरणगामा यांचे नावही जाण्यापूर्वी माहीत असावे. त्या जाफना विद्यापीठात शरीररचनाशास्त्र शिकवत. सरकारी सैन्य, भारतीय सैन्य आणि वाघ या तिन्हींच्या अत्याचारांची नोंद त्यांनी आणि सहकाऱ्यांनी केली. २१ सप्टेंबर १९८९ रोजी सायकलवरून घरी जाताना त्यांना गोळ्या घालण्यात आल्या. संशय वाघांवर आहे. कोणाची बाजू घ्यायची, असा प्रश्न ज्यांना पडतो त्यांनी त्यांच्याबद्दल वाचावे.

रानवाटा

मोहोर यांच्या मुद्द्याला जोडून एक व्यवहाराची गोष्ट. अशा ठिकाणी आपण निघून जातो, आपल्याशी बोलणारा तिथेच राहतो. उत्तर श्रीलंकेत स्मरणाच्या कार्यक्रमांवर पोलिसांची आणि गुप्तहेर खात्याची नजर असते. उत्साहाने कुणाचे बोलणे मोबाइलवर टिपून नावासकट फेसबुकवर टाकले, तर नाशिकमध्ये शंभर अंगठे मिळतील आणि त्या माणसाच्या दारात चौकशी येईल. लष्करी तळ आणि चौक्या यांचे फोटो काढू नयेत. वाघांची चिन्हे असलेली कोणतीही वस्तू आठवण म्हणून आणू नये, ती संघटना आपल्याकडेही बंदी घातलेली आहे.

गोदाकाठ

सर्वांचे आभार. काल संध्याकाळी संघाच्या बैठकीत हा धागा मोठ्याने वाचला. तोफचीकाका आणि अक्षरवेल यांच्यातील संवाद वाचताना काही मंडळी अस्वस्थ झाली. एक गृहस्थ उठून गेले आणि चहाच्या वेळी परत आले. ठरले ते असे.

सीता एलिया आणि कँडी होईल, त्यात वाद नव्हताच. कोलंबोहून निघण्याआधी बट्टारमुल्लाच्या स्मारकावर सगळे जातील. तिथून ज्यांना जाफन्याला यायचे नाही ते परततील. आमच्यातही तीन-चार 'निवांत' आहेत आणि त्यांना कुणी आग्रह केलेला नाही. उरलेली मंडळी महामार्गाने उत्तरेत जातील आणि जाफन्याहून विमानाने थेट चेन्नईला येतील. ती सेवा २०१९ मध्ये सुरू झाली, मध्ये बंद पडली आणि २०२२ च्या अखेरीस पुन्हा सुरू झाली. तिकिटांआधी तिची खात्री करून घेणार आहोत. जाफन्यात स्थानिक तमिळ मार्गदर्शक घेणार आहोत, आणि विचारायचे ते सगळे त्यालाच विचारायचे. नल्लूरच्या मंदिरात पुरुषांना सदरा काढून जावे लागते, हे आधीच सांगून ठेवले आहे, कारण त्यावरून तिथे ऐनवेळी गोंधळ होतो. रुग्णालयात आम्ही गटाने जाणार नाही. ते चालू रुग्णालय आहे, रुग्णांच्या रांगेत पर्यटकांची भर नको. मात्र १९८७ ची ती हकिकत निघण्यापूर्वीच्या बैठकीत अक्षरवेल यांनी येऊन सांगावी, अशी विनंती आहे. तोफचीकाका आले तर त्यांनी शांतिसेनेबद्दल बोलावे. आधी कोण बोलणार, हे त्या दोघांनी ठरवावे.

एक प्रश्न राहिला आहे. जाफन्याला जाताना मन्नारमार्गे तलैमन्नारला जावे, असा दोघी-तिघींचा आग्रह आहे, कारण रामसेतूचे लंकेकडील टोक तिथे आहे. पण तसे केले तर जाफन्यातील मुक्काम कमी होतो. त्या रस्त्याने अलीकडे कुणी गेले असेल, तर प्रवासाला किती वेळ लागतो आणि ज्येष्ठांना राहण्यासारखी सोय आहे का, हे लिहावे.

अक्षरवेल

बैठकीला येतो. काका आधी बोलतील.

देवळालीचा तोफची

नाही, तुम्ही आधी बोला. मी नंतर बोलेन. तलैमन्नारबद्दल मला माहिती नाही.